ताबा सुटला नाही, हक्क मात्र गेला

हैदराबादच्या चित्रव्यवसायात आजही ज्याचा दाखला निघतो, त्या ‘अत्तारिंटिकि दारेदी’ या तेलुगू चित्रपटाचा सुमारे दीड तासाचा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर पसरला, आणि ऑक्टोबरात ठरलेले प्रदर्शन निर्मात्यांना २७ सप्टेंबरलाच उरकावे लागले. तेव्हा अंमलात असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७८ अन्वये चोरी ठरण्यास जंगम मालमत्ता कोणाच्या तरी ताब्यातून हलावी लागे. येथे चित्रपट निर्मात्यापाशीच राहिला, भंग झाला तो प्रती काढण्याच्या अनन्य अधिकाराचा. त्याचे रक्षण १९५७ चा कॉपीराइट अधिनियम करतो: कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ च्या डाउलिंग खटल्यात हक्कभंग व चोरी यांत असाच भेद केला होता. तरीही हा अपराध सौम्य मानणे मला अन्याय्य वाटते. चित्रपट पुढे अमाप चालला हे खरे, परंतु आपली कृती लोकांपुढे प्रथम केव्हा ठेवावी, हा कर्त्याचा निर्णयच परस्पर हिरावला गेला. कायदाही तो सौम्य मानत नाही: कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.