मांडीतलं बळ

अमरावतीजवळच्या वलगावात स्नायूंचं दुखणं आधी घरातच कळतं. पाटावरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, फळीवरचा डबा काढायला हात वर जात नाही, परतवाड्याच्या एसटीची पहिली पायरी चढवत नाही. ‘अशक्तपणा आला’ म्हणत टॉनिकवर महिने निघून जातात.

या अशक्तपणामागे कधी कधी एक रोग असतो. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच स्नायूंवर उलटते आणि पापण्यांवर जांभळट लाली येते, त्या रोगाला 1891 साली जर्मन डॉक्टर उन्फेरिख्ट यांनी डर्मॅटोमायोसायटिस हे नाव दिलं. औषध मात्र नव्हतं. 1948च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. 1950चं नोबेल त्या शोधाला मिळालं. स्नायूंच्या या रोगातही कॉर्टिझोनसारख्या स्टिरॉइडनं जीव वाचू लागले.

पण जास्त डोस महिनोन्‌महिने चालला, की स्टिरॉइडच मांड्या खाऊ लागतं. खरी अडचण इथं आहे. रोग पेटला तरी उठता येत नाही, औषध बाधलं तरी उठता येत नाही. पहिल्यात उपचार वाढवायचा, दुसऱ्यात स्टिरॉइड उतरवायचं. रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम रोगात बहुधा वाढतं, स्टिरॉइडच्या अशक्तपणात सहसा वाढत नाही. पण आधी पेशंटनं कोणतं औषध खाल्लं, हे तर कळायला हवं!

1996 साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. लोकांच्या तक्रारींत सांधे-स्नायूंची दुखणी सर्वांत पुढे निघाली. जिथं दुखणं इतकं, तिथं औषधाच्या बिननावाच्या पुड्या खपणारच. त्यात स्टिरॉइड असलं तर चार दिवस बरं वाटतं, म्हणून पुडी सुटत नाही; आणि एकदम सोडली तर जिवावर बेततं, कारण तोवर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडीवर औषधाचं नाव नसणं मला अक्षम्य वाटतं.

फेब्रुवारी 2024मध्ये ‘दंगल’ चित्रपटातली छोटी बबिता, सुहानी भटनागर, डर्मॅटोमायोसायटिसनं एकोणिसाव्या वर्षी गेली, तेव्हा या रोगाचं नाव घरोघरी पोचलं. पण धास्तीनं कुणी स्वतःहून स्टिरॉइडच्या गोळ्या बंद करू नयेत. आता मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन ही औषधं जोडीला देऊन स्टिरॉइड हळूहळू उतरवता येतं. पूर्वी अशा पेशंटला नुसतं पडून राहायला सांगत. 1990नंतरच्या अभ्यासांनी ते बदललं. देखरेखीखालचा व्यायाम रोग भडकवत नाही, हे दिसलं. त्यामुळे आज औषधाच्या चिठ्ठीबरोबर खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सरावही सांगितला जातो, आणि तो वलगावच्या ओसरीतही करता येतो.