हिपॅटायटिस सी : मूक व्याधी आणि रक्ततपासणीचे महत्त्व

कावीळ म्हटली की पिवळे डोळे आठवतात. परंतु हिपॅटायटिस सी या विषाणूची बाधा झालेल्या बहुसंख्य व्यक्तींना वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण जाणवत नाही. ज्यांच्या यकृतात हा विषाणू ठाण मांडतो, त्यांपैकी 15 ते 30 टक्के जणांना 20 वर्षांच्या काळात सिरॉसिस जडतो. म्हणूनच समाजात या रोगाचा प्रसार किती आहे, हे केवळ तपासणीनेच कळते.

या बाबतीत इजिप्तचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे 1950 ते 1980 च्या दशकांत एका कृमिरोगावर खेडोपाडी इंजेक्शने दिली गेली. सुया नीट निर्जंतुक न झाल्याने हा विषाणू घरोघरी पोहोचला. 2008 च्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातील सुमारे 15 टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. प्रत्यक्ष विषाणू मात्र सुमारे 10 टक्के लोकांत होता. पुढे 2018-19 मध्ये तेथे अवघ्या काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून बाधितांवर मोफत उपचार करण्यात आले.

वरील दोन आकड्यांतील फरक ध्यानात घ्यावा. प्रतिपिंडे म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरल्याची खूण. बरे झाल्यावरही ती राहते. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनए तपासणीच सांगते. त्यामुळे पहिला अहवाल पॉझिटिव्ह आला तरी घाबरून न जाता दुसरी तपासणी अवश्य करावी.

पूर्वी रक्त चढवलेले, डायलिसिसवर असलेले, न उकळलेल्या सुईने इंजेक्शन घेतलेले अथवा जत्रेत सामाईक सुईने गोंदवून घेतलेले, अशा सर्वांनी एकदा तपासणी करून घ्यावी. जावळ व मुंडणाच्या वेळी प्रत्येकासाठी नवे ब्लेड वापरण्याचा आग्रह धरावा. हा रोग रक्तातून पसरतो. महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी बसल्याने किंवा एका तांब्यातील पाणी प्यायल्याने नव्हे. बाधित व्यक्तीला दूर ठेवणे सर्वस्वी अनुचित होय.

या रोगावर लस नाही, परंतु औषध आहे. बहुधा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत निर्धारित शासकीय रुग्णालयांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तरी सर्व भाविकांनी, विशेषतः घरातील ज्येष्ठांनी, संकोच न करता याचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.