झाडांपाशी चालत येणारी आरागिरणी

अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरच्या रानांत, दाट झाडीतून दगडी बांध जातात. सरळ, चौकोन आखत गेलेले. जंगलात बांध घातला कुणी? शेतकऱ्यांनी. कारण तिथे आधी शेतं होती.

1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला, मागून रेल्वे आली आणि पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीतलं धान्य पूर्वेला स्वस्तात मिळू लागलं. खडकाळ उतारावरची शेती परवडेना. 1850 नंतर तर शेतंच्या शेतं ओस पडू लागली. त्या पडीक गवतात व्हाइट पाइनचं पंख असलेलं बी वाऱ्याबरोबर येऊन पडलं. चरणारी गुरं इतर झाडांची कोवळी रोपं खात, पाइनला सहसा तोंड लावत नसत. पन्नास-साठ वर्षांत शेताच्या जागी पाइनची उंच राई उभी राहिली. न पेरलेलं, न राखलेलं हे पीक विसावं शतक उजाडताना कापणीला आलं होतं!

ते कापायला गिरणी स्वतःच रानात आली. आधीच्या आरागिरण्या ओढ्याकाठी बसत, कारण त्यांना पाण्याचा जोर लागे. वाफेच्या इंजिनाने ही अट काढून टाकली. बॉयलर, करवत, ओंडका पुढेमागे नेणारा गाडा, एवढं सामान घोडे लावून राईत आणायचं, वर साधं छप्पर घालायचं, की गिरणी तयार. हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी ओंडके यायचे. बॉयलरला पाणी लागे, पण इंधन बाहेरून आणावं लागत नसे. ओंडक्याच्या सालीकडच्या निरुपयोगी फाका भट्टीत जात आणि त्यांच्याच वाफेवर पुढचा ओंडका चिरला जाई. राई संपली की मोजकी माणसं गिरणी उचलून पुढच्या राईकडे निघत.

या सगळ्यात मला थक्क करते ती गोल करवत. चार-साडेचार फूट व्यासाची पोलादी चकती, जाडी पाव इंचाहूनही कमी. तिच्या कडेवरचे दात मिनिटाला सुमारे 10,000 फूट, म्हणजे ताशी 180 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत. एवढ्या वेगात कडेचं पोलाद बाहेर खेचलं जातं, ताणतं. म्हणून सपाट, एकसारखी चकती बसवली तर ती वेग घेताच डगमगू लागते आणि फळी वाकडी निघते. यावर कारागिरांनी काढलेला उपाय असा, की चकतीचा मधला भाग हातोडीने ठोकून जरा सैल करायचा. तांबट भांडं ठोकतो तसंच हे काम, ठोक्याठोक्याला पट्टी लावून पाहत करायचं. अशी करवत थांबलेली असताना जराशी ढिली लागते. फिरू लागली, कड ताणली गेली, की मधला सैलपणा त्या ताणात सामावतो आणि चकती ताठ, सपाट होते. म्हणजे ही करवत सरळ असते ती फक्त धावताना, आणि तेही तिच्यासाठी ठरवलेल्याच वेगाला. इंजिन मंदावलं की कापही बिघडला. वेगाचा सगळा हिशोब हातोडीच्या ठोक्यांत आधीच करून ठेवलेला!

दातांचीही गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या नेथन स्पॉल्डिंगने 1860च्या सुमारास काढता-घालता येणारे दात प्रचारात आणले. झाडात रुतलेला खिळा लागून दात तुटला, तर तेवढाच बदलायचा. करवत उतरवून दूरच्या कारखान्यात पाठवण्याची गरज उरली नाही. माझ्या मते, गिरणी रानात एकटी राहू शकली त्यात या छोट्या दाताचा वाटा वाफेइतकाच मोठा आहे. नासाडी मात्र होतीच. प्रत्येक कापात पाव इंच लाकडाचा भुसा होई, म्हणजे एक इंची चार फळ्यांमागे साधारण एक फळी वाया. गिरणी गेल्यावर भुशाचे ढीग वर्षानुवर्षं तिथे पडून राहत.

मोकळ्या शेतात वाढलेल्या पाइनला गाठी फार. त्यातून सुंदर घरं बांधता येत नसत, पण खोकी उत्तम होत, आणि तेव्हा बाजारातला बहुतेक माल लाकडी खोक्यांतूनच जाई. पुढे पुठ्ठ्याची खोकी आली. त्यांतल्या मालाला रेल्वे जादा भाडं लावत असे, 1914 च्या एका निकालाने तेही थांबलं आणि लाकडी खोक्यांची मागणी उतरू लागली. तोडलेला पाइन बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. त्याच्या सावलीत वाट पाहत असलेली ओक, मेपल यांची रोपं उजेड मिळताच वर आली आणि राईचं रूपच पालटलं.

उरलेल्या पाइनवर 21 सप्टेंबर 1938 ला चक्रीवादळ कोसळलं. आडवी झालेली झाडं कुजू नयेत, त्यांना कीड लागू नये म्हणून ओंडके तळ्यांत सोडले. पाण्याखाली हवा नाही, म्हणून बुरशीही नाही. न्यू हॅम्पशरमधल्या काँकर्डजवळच्या टर्की पाँड या तळ्यातही असे ओंडके होते. ते चिरायच्या वेळी महायुद्धामुळे पुरुष मिळेनात, तेव्हा 1942 मध्ये सरकारी वनखात्याने तळ्याकाठच्या गिरणीवर आसपासच्या बायकांना कामाला घेतलं. लांब बांबूसारख्या काठ्यांनी ओंडके ओढून आणण्यापासून फळ्या रचण्यापर्यंतची जड कामं त्यांनी केली.