घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत घर वाढवायचे ठरले की आधी गवंडी बोलावला जातो. पालिकेत कोणी जात नाही. ‘घरपट्टी भरतो, लाइट बिल आपल्या नावावर आहे, मग भीती कसली?’ असे उत्तर मिळते. पण कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. शास्ती भरली तरी होत नाही.

परवानगी कधी लागत नाही?
रंगरंगोटी, प्लास्टर, फरशी बदलणे, गळके छप्पर आहे त्याच उंचीवर पुन्हा घालणे अशा किरकोळ दुरुस्तीला.

कधी लागते?
नवे घर, जुने पाडून पुन्हा बांधणे, पत्रे काढून स्लॅब टाकणे, मजला चढवणे, ओट्याची खोली करणे, राहत्या घराचे दुकान करणे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विनापरवाना बांधकाम पाडता येते आणि कलम ५२ खाली कैदही होऊ शकते.

अर्ज कुठे करायचा?
उल्हासनगरात महापालिकेकडे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापुरात नगरपरिषदेकडे, एमआयडीसी क्षेत्रात एमआयडीसीकडे. मालकीचा कागद, म्हणजे सातबारा, मालमत्ता पत्रक किंवा उल्हासनगरातील सनद, आणि नकाशा लागतो. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरांसाठी ही प्रक्रिया सोपी केली आहे. बदलापुरात उल्हास नदीकाठी जागा असेल, तर पूररेषा आधी तपासा.

जागा सरकारी किंवा रेल्वेची असेल, तर मजल्याला मंजुरी मिळेल या आशेवर कर्ज काढू नका. फोटोपास राहण्याला संरक्षण देतो, मजला चढवण्याचा हक्क देत नाही.

‘पुढे सगळे नियमित होईल’ हाही भरवसा धोक्याचा. उल्हासनगरसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तोही १ जानेवारी २००५ पूर्वीच्या बांधकामांपुरताच. मे २०२१ मध्ये तिथेच मोहिनी पॅलेस आणि साई शक्ती या इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले. नकाशावर अभियंत्याची सही हवी ती यासाठीच: जुना पाया नवा भार पेलेल का, हे कोणीतरी जबाबदारीने पाहिलेले असते.

कष्टाचा पैसा स्लॅबमध्ये ओतण्यापूर्वी नगररचना विभागात एक चक्कर मारा. ठेकेदाराचे ‘मी बघून घेतो’ ऐकू नका. नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने.