परदेशी तबकडी, देशी पडदा



समजा, अमेरिकेत राहणाऱ्या मामाने घरातल्या लग्नाची डी.व्ही.डी. पाठवली आहे. तुमच्याकडे अजून काचेच्या जाड चित्रनळीचा जुना टी.व्ही. संच आहे. तबकडी प्लेअरमध्ये घातली. आवाज स्वच्छ आला. पण चित्र एकसारखे वर-खाली पळू लागले आणि रंगांचा तर पत्ताच नाही! कोणी म्हणते तबकडी खराब, कोणी म्हणते संच गेला. अशा गोंधळात चांगला संच भंगारात जातो, नाहीतर जिची दुसरी प्रत नाही अशी तबकडी फेकली जाते. पुष्कळदा दोघांचाही काही दोष नसतो. त्यांची भाषा तेवढी जुळलेली नसते. ती कशी, हे आता पाहू.

ओळी आणि फेऱ्या

जुन्या संचात इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या आतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे ओळी ओढत वरून खाली येते. पहिल्या फेरीत ती एक सोडून एक ओळ काढते आणि दुसऱ्या फेरीत मधल्या राहिलेल्या ओळी भरते. दोन फेऱ्या मिळून एक पूर्ण चित्र होते.

सेकंदाला किती फेऱ्या? हे ठरवताना विजेकडे पाहिले गेले. अमेरिकेत घरगुती विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, म्हणून तिथे ६० फेऱ्या. युरोपात आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ५० फेऱ्या. अमेरिकेने १९४१ मध्ये एका चित्रासाठी ५२५ ओळी ठरवल्या आणि १९५३ मध्ये त्याच पद्धतीत रंग आणला. ही एन.टी.एस.सी. पद्धत. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीचे अभियंते वाल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये पाल ही रंगीत पद्धत मांडली. ती ६२५ ओळी आणि ५० फेऱ्यांच्या चित्राबरोबर वापरात आली. भारताने हीच पद्धत स्वीकारली आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले.

चित्र पळते का?

थोडे गणित करा. एका सेकंदात किती ओळी काढल्या जातात?

एन.टी.एस.सी. : ५२५ × ३० = १५,७५०
पाल : ६२५ × २५ = १५,६२५

(रंगीत एन.टी.एस.सी.मध्ये फेऱ्या नेमक्या ५९.९४ असतात, सोयीसाठी आपण ६० धरल्या आहेत.)

दोन्ही आकड्यांत शेकडा एकाचाही फरक नाही. म्हणून आडव्या ओळी जुळतात आणि चित्र आडवे फाटत नाही. फेऱ्यांचे मात्र तसे नाही. ५० आणि ६० यांत शेकडा २० चा फरक आहे. शलाका पडद्याच्या तळाशी पोहोचण्याआधीच नवी फेरी सुरू करण्याचा इशारा येतो. ज्या संचाला तो पाळता येत नाही, त्याचे चित्र पळते. जो संच पाळतो, त्याची शलाका ठरलेल्या अंतराच्या सहापैकी पाच भागच उतरते. मग वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि माणसे बुटकी होतात.

रंग जातात कुठे?

रंगांची माहिती एका वेगळ्या तरंगावर बसून येते. पालमध्ये त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे ४४.३ लाख, तर एन.टी.एस.सी.मध्ये सुमारे ३५.८ लाख आवर्तने असते. पाल संचातील रंगाचे मंडल आपल्या ओळखीचा तरंग शोधते. तो सापडला नाही, तर कलर किलर नावाचे मंडल रंगाचा विभागच बंद करते, नाहीतर पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा गोंगाट माजला असता. म्हणजे कृष्णधवल चित्र हा बिघाड नसून संचाने घेतलेली खबरदारी आहे!

तबकडीवर काय असते?

इथे एक गंमत आहे. डी.व्ही.डी.वर पाल किंवा एन.टी.एस.सी. रंगतरंग कोरलेला नसतोच. तिथे असतात फक्त आकडे : प्रत्येक बिंदू किती उजळ आणि कोणत्या रंगाचा. अमेरिकी तबकडीवर दर चित्रात ४८० ओळी, आपल्याकडच्या तबकडीवर ५७६. उरलेल्या ओळींच्या वेळात शलाका परत वर जात असते. आकड्यांवरून रंगतरंग तयार करतो तो प्लेअर. म्हणूनच उपायाची सुरुवात प्लेअरपासून करायची.

तपासणी कशी करावी?

शास्त्रज्ञ करतात तसे करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा.

१. प्रथम आपल्याकडे तयार झालेली तबकडी लावा. ती नीट दिसली, तर संच आणि तारा ठीक आहेत.

२. प्लेअरच्या सेटअप यादीत टी.व्ही.ची पद्धत पाहा. ती ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ असेल, तर तबकडी जशी असेल तसे चित्र बाहेर पडते. ती ‘पाल’ करा. बदलण्याआधी कोणती बटणे दाबली ते लिहून ठेवा. काही प्लेअर यामुळे फक्त रंग पालचा करतात, फेऱ्या ६०च ठेवतात. काही पाच ओळींच्या सहा करतात आणि दर सहा फेऱ्यांतली एक गाळतात. तेव्हा कॅमेरा सावकाश फिरताना चित्र किंचित अडखळते. त्याची काळजी नको.

३. चित्र अजून पळत असेल आणि संचाला बाहेरून ‘व्हर्टिकल होल्ड’ची खुंटी असेल, तर ती अगदी हळू फिरवा.

४. माणसे बुटकी नव्हे, उलट उंच आणि किडकिडीत दिसतात का? मग कारण निराळे. चित्र रुंद पडद्यासाठी आहे. प्लेअरमध्ये पडद्याचा आकार ‘४:३ लेटरबॉक्स’ करा.

५. कोणतीच तबकडी रंगीत दिसत नसेल, तर पिवळी पिन चुकून हिरव्या छिद्रात गेली आहे का पाहा. तिथून फक्त उजेडाची माहिती येते.

६. विकत घेतलेल्या चित्रपटाचे चित्र उजळते-मंदावते आणि तार व्ही.सी.आर.मधून आली आहे? ती सरळ टी.व्ही.ला जोडा. नक्कल रोखण्याची युक्ती व्ही.सी.आर.ला गोंधळात पाडते.

चित्रच नाही आणि ‘रीजन’चा संदेश येतो, तर तो विक्रीच्या विभागांचा प्रश्न आहे. अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. घरी तयार केलेल्या तबकडीला सहसा ही अट नसते.

सावधान!

यातला एकही उपाय करण्यासाठी संचाचे पाठचे झाकण उघडावे लागत नाही, आणि ते उघडूही नये. रंगीत चित्रनळीला वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब लागतो, आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. आतले काम जाणकार कारागिराचेच.

जाता जाता एक उदाहरण. चित्रपटगृहातला चित्रपट सेकंदाला २४ चित्रे दाखवतो. पाल पद्धतीसाठी तोच बहुधा २५ चित्रांच्या वेगाने चालवला जाई. मग १०० मिनिटांचा चित्रपट किती मिनिटांत संपेल? गाण्यांच्या स्वराचे काय होईल? आधी कागदावर सोडवा, मग उत्तर पाहा.

(उत्तर : ९६ मिनिटे. स्वरही वेगाबरोबर शेकडा चाराने चढेल, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी.)