मेक्सिकन ठोसा आणि गळ्याभोवतीची पकड

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये 'मेक्सिकन शैली' म्हटलं की मागे न हटता ठोसे घेत, ठोसे देत पुढे सरकणं, असा अर्थ घेतला जातो. हे बॉक्सिंगचं देणं. मेक्सिकन बॉक्सर हुलिओ सेसार चावेसच्या काळापासून डाव्या हाताचा यकृतावरचा हुक ही या परंपरेची खूण आहे. प्रतिस्पर्ध्याचं कोपर जरा वर उचललं गेलं की उजव्या बरगड्यांखाली ठोसा बसतो. क्षणभर काहीच होत नाही आणि मग गुडघे दुमडतात.

गंमत म्हणजे यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धेतला आपला पहिला पट्टा मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या विजेत्यांनी ठोशांनी जिंकलेला नाही. तिहुआनाच्या ब्रँडन मोरेनोनं १२ जून २०२१ रोजी देइवेसन फिगेरेदोला मागून गळा आवळून हरवलं आणि मेक्सिकोत जन्मलेला पहिला यूएफसी विजेता ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये याइर रोद्रिगेसनं जॉश एमेटला पायांच्या त्रिकोणी पकडीत अडकवून अंतरिम पट्टा मिळवला. पुढच्याच महिन्यात ग्वादालाहाराच्या अलेक्सा ग्रासोची पाळी आली. व्हॅलेंटिना शेवचेंकोची फिरती लाथ चुकली, पाठ उघडी पडली आणि ग्रासो तिथे चिकटली.

त्याआधीचा मेक्सिकन चाहत्यांचा नायक, यूएफसी विजेता केन वेलास्केझ जन्मानं कॅलिफोर्नियाचा, मूळचा कुस्तीपटू. २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत, सुमारे २,२४० मीटर उंचीवर, त्याचाच दम संपला. लवकर येऊन उंचीवर सराव केलेल्या ब्राझीलच्या व्हेर्दूमनं गिलोटिन या गळ्याच्या पकडीनं पट्टा नेला.