तोच दावा पुन्हा घातला तर?

घराच्या जागेचा दावा हरला की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो, "त्यात काय, परत घाल!" वकील परवडत नाही म्हणून बाई कुणाकडून तरी अर्ज लिहून घेते आणि देऊळगाव राजाच्या कोर्टात स्वतःच उभी राहते. तशी मुभा कायद्यात आहे. पण नियम वकिलाला लागतात तेच तिलाही लागतात, आणि तोच दावा दुसऱ्यांदा बहुधा टिकत नाही.

कारण आहे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 11. त्याच माणसांमधला तोच मुद्दा कोर्टाने एकदा ऐकून निकाली काढला, की तो पुन्हा चालत नाही. वकील याला रेस ज्युडिकाटा म्हणतात. पहिल्या वेळी सांगायला हवं होतं ते राहून गेलं, ही सबबही चालत नाही. जाचक वाटतं ना? पण उलटं बघा. विधवा बाईच्या बाजूने निकाल लागला आणि दीर दरवर्षी नवा दावा घालत राहिला, तर तिची मजुरी तारखांतच बुडेल. तिला आधार याच कलमाचा.

म्हणून "दावा फेटाळला" एवढंच ऐकून घरी येऊ नका. कशामुळे फेटाळला ते निकालातून वाचून घ्या. पुरावा ऐकून हरलात, तर वाट अपिलाची. जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत 30 दिवस, म्हणून सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज लगेच द्या. तारखेला समोरची माणसं हजर आणि आपणच गैरहजर, म्हणून दावा गेला असेल, तर नवा दावा घालता येत नाही. तोच पुन्हा चालू करा, असा अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो, गैरहजेरीचं खरं कारण दाखवून. (वाटणीच्या दाव्याला हे जसंच्या तसं लागत नाही, ते वकिलाला विचारा.) दावा स्वतः मागे घेताना "पुन्हा घालण्याची परवानगी" लेखी घेतली नाही, तर तोही रस्ता बंद. मात्र कोर्ट फी कमी पडली किंवा अर्जात दाव्याचं कारणच नव्हतं म्हणून अर्ज सुरुवातीलाच नाकारला असेल, तर मुदतीत दुरुस्त अर्ज पुन्हा देता येतो.

आपल्यावरच कुणी पुन्हा दावा घातला तर? गप्प बसू नका, कोर्ट आपोआप ओळखेल असं समजू नका. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आधीच निकाल लागला आहे हे ठरवायला जुन्या दाव्याची कागदपत्रं बघावी लागतात, नुसत्या नव्या अर्जावरून ते ठरत नाही. तेव्हा जुना दावा-अर्ज, जबाब आणि निकाल, तिन्हींच्या नकला जोडा. दावा खोटा व त्रासदायक ठरला, तर कलम 35-अ खाली 3,000 रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. रक्कम तुटपुंजीच आहे. सवयीने खटले घालणाऱ्यासाठी महाराष्ट्रात 1971 चा वेगळा कायदा आहे. महाधिवक्त्यांच्या अर्जावर उच्च न्यायालय अशा माणसाला परवानगीशिवाय नवा खटला घालायला मनाई करू शकतं.

वकिलाच्या खर्चाचं म्हणाल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा 15100 वर फोन लावा. जाताना जुन्या निकालाची नकल सोबत न्या.